सिंहाच्या डोळ्यांवरचं दुपटं

९ ऑगस्ट १९८८, कुन्दा

योरिको,

मी आपण होऊन पत्र लिहिणार नव्हते. पण काल सकाळी आपल्या गावच्या दगडी सिंहाचे डोळे कोणीतरी बांधून ठेवलेले सापडले, आणि ज्या कापडाने बांधले ते मी शिवलेलं आहे. म्हणून लिहिते.

ते काझुमाचं दुपटं आहे. माझ्या आईच्या केळीच्या धाग्याच्या जुन्या किमोनोतून मी ते तुझ्या बाळंतपणाच्या आधी शिवलं होतं. कोपऱ्याला दुहेरी टाका घालायची माझी सवय तुला माहीत आहे. मी तो टाका दहा पावलांवरून ओळखला.

गेन्शूदादा उसाला पाणी द्यायला निघाले होते, त्यांना आधी दिसलं. गावचे प्रमुख म्हणून त्यांनी लगेच माणसं जमवली. टेकाडावर आम्ही सगळे उभे. सिंह नेहमीसारखा बसलेला, आणि डोळ्यांवर पट्टी. लहान मुलं आंधळी कोशिंबीर खेळताना बांधतात तशी. कोणी हसलं नाही.

"हात्सुए, बायकांच्या मंडळात कोणाला काही माहीत आहे का?" त्यांनी मला विचारलं.

मी "नाही" म्हटलं. मंडळाची प्रमुख म्हणून विचारलेल्या प्रश्नाला मी दिलेलं हे पहिलं खोटं उत्तर.

आपल्यात काय झालं ते पुन्हा उगाळायचं नाही, पण एकदा सरळ लिहून ठेवते, म्हणजे पुढचं बोलता येईल. काझुमा दोन वर्षांपूर्वी झोपेत गेला. डॉक्टरांनी कारण सांगितलं नाही, कारण त्यांनाही ते माहीत नव्हतं. तुझ्या सासूबाईंना कारण सापडलं: कुन्द्याचा सिंह तुझ्या सासरच्या इरिमोकडे तोंड करून बसला आहे आणि सुनेच्या माहेरची नजर थेट त्यांच्या अंगणात पडते. तू पूल ओलांडून माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, सिंह थोडा वळवून घ्या. मी म्हटलं, तो दगड आहे. तू म्हणालीस, "मलाही तो दगडच वाटतो, आई. पण मला त्या घरात राहायचंय."

त्यावर मी जे बोलले ते मला आजही बरोबर वाटतं. तो सिंह माझा नाही, गावाचा आहे. तो तांबड्या डोंगराकडे बघतो, कारण डोंगरातून आग गावावर येते असं आपल्या लोकांना वाटतं. इरिमो मध्ये आहे, हा सिंहाचा दोष नाही आणि माझाही नाही. तू चहा अर्धा ठेवून उठलीस. तेव्हापासून मला फक्त तुझी छत्री दिसते, उसाच्या पलीकडून जाताना.

तुला पुन्हा दिवस गेले आहेत आणि ऑक्टोबरच्या अखेरीची तारीख दिली आहे, हे मला मासेवालीकडून कळलं. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. एवढंच म्हणते की अशा अवस्थेत टेकाडावर चढायचं नाही. तिथे पायऱ्या नाहीत आणि दगड निसरडे आहेत. दुपटं तू बांधलं असशील तर मला कळव. तू नसशील, तर तुझ्या कपाटातून ते कोणी काढलं तेही कळव.

आई


१७ ऑगस्ट

योरिको,

तुझं उत्तर आलं नाही. इकडे काय झालं ते कळवणं भाग आहे, कारण प्रकरण आता पुलापलीकडे येऊ पाहतं आहे.

दुपटं सोडून माणसांनी सभागृहात आणून ठेवलं होतं. मी "धुऊन ठेवते" म्हणून घरी नेलं. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही, कारण सभागृहातली प्रत्येक चिंधी मीच धुते. ते आता माझ्या कपाटात आहे. तीन दिवसांनी सिंहाचे डोळे पुन्हा बांधलेले. या वेळी टॉवेल, आणि त्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत तुमच्या इरिमोच्या दारूच्या दुकानाचं नाव.

संध्याकाळी बैठक झाली. सान्राकाका दारापाशी बसले होते, पलीकडच्या गल्लीतले, शेळीवाले. म्हणाले, "डोळे बांधायचेत तर बांधा म्हणावं, पण निदान बाटली तरी ठेवा शेजारी."

गेन्शूदादांना हसू आलं नाही. ते म्हणाले, "महिन्यावर पंधरावी रात्र, सिंहनाचाची पौर्णिमा, आली. लाकडी सिंह नाचायला निघायच्या आधी दगडी सिंहाला नमस्कार करतो. थोरल्यालाच दिसत नसेल तर धाकट्याने कोणापुढे वाकायचं? आणि पाऊस नाही. ऊस वाळलाय. अशात डोंगराकडे बघणारं कोणी नको?"

एइशो म्हणाला, "मी जातो इरिमोत. विचारतो सरळ." एइशो माझा पुतण्या, पण लाकडी सिंहाचं डोकं नाचवायला लागल्यापासून त्याची मान जरा ताठ झाली आहे.

मी म्हटलं, "काय विचारणार?"

"हा टॉवेल कोणाचा म्हणून."

"दोन बाटल्या घेणाऱ्या प्रत्येकाला ते दुकान हा टॉवेल देतं. कुन्द्यातल्या अर्ध्या घरांत तो आहे. सान्राकाका, तुमच्या गळ्यात आत्ता कुठला आहे?"

त्यांनी खाली पाहिलं. तोच होता. तेव्हा मात्र सगळे हसले आणि त्या दिवसापुरतं निभावलं.

बैठक उठताना गेन्शूदादा मला बाजूला घेऊन म्हणाले, "हात्सुए, दुसऱ्या कोणी दगड म्हटलं तर मी समजेन. पण तू? युद्धात तुला कोणी वाचवलं?"

ही गोष्ट मी तुला कधी सांगितलेली नाही, कारण तिच्यात सांगण्यासारखं काही नाही. मी तेरा वर्षांची होते. समुद्राकडून गोळीबार सुरू झाला तेव्हा आजीने मला सिंहाच्या पाठीमागे दाबून बसवलं आणि स्वतः माझ्यावर ओणवी झाली. सिंहाच्या छातीत जी भोकं आहेत ती त्या दिवसाची आहेत. आजी पुढे आयुष्यभर म्हणायची, सिंहाच्या पाठीमागे जो असेल त्याला काही होत नाही. माझं म्हणणं असं की जाड दगडाच्या पाठीमागे जो असेल त्याला काही होत नाही. मी गेन्शूदादांना हेच सांगितलं. ते म्हणाले, "एकच झालं की." एकच नाही, पण त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

पाय सुजत असतील तर मीठ कमी कर. कारल्याची भाजी खा, कडू लागली तरी.

आई


२९ ऑगस्ट

योरिको,

पितरांचे तीन दिवस पार पडले. तुझ्या वडिलांना आणि आजीला ऊस, फळं, तांदळाची दारू, सगळं रीतीप्रमाणे ठेवलं आणि परवा निरोप दिला. काझुमाचं पान तुमच्या घरी असणार, तो तुमच्या घरचा. मी एक छोटी बशी बाजूला ठेवली होती. कोणाची ते लिहिलं नव्हतं.

काल पहाटे उजाडायच्या सुमारास मी टेकाडावर जाऊन बसले. कोण येतं ते पाहायचंच होतं. काठी टेकत, मध्ये मध्ये थांबून दम घेत एक बाई वर आली. डोक्याला टॉवेल, हातात टॉवेल. तुझ्या सासूबाई, नाबेबाई.

मला पाहून त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "मास्तरीणबाई, इतक्या सकाळी? तुझी शाळा सुटली ना गेल्या वर्षी?"

"हातातला टॉवेल कोणाचा?"

"दुकानाचा. वर लिहिलंय. तुला तर वाचता येतं."

त्या माझ्या शेजारी बसल्या. गुडघे चोळत होत्या. ते गुडघे घेऊन ती बाई पूल ओलांडून, उसातून, एवढं टेकाड किती वेळा चढली असेल, मी विचारलं नाही.

"दुपटंही तुम्हीच?"

"मग काय तुझी लेक? ती येईल का असलं करायला? ती तुझ्यावर गेलीय. तिला कळलं तर हसेल." मग म्हणाल्या, "हसली तर बरंच होईल म्हणा. हसलेली पाहिली नाही तिला, पोर गेल्यापासून."

त्यांनी मला सांगितलं ते तसंच लिहिते. तू दिवसभर घरातलं सगळं करतेस, उत्तरं नीट देतेस, जेवतेस. आणि झोपताना भिंतीकडे तोंड करून, पोटावर दोन्ही हात ठेवून निजतेस. त्या भिंतीच्या पलीकडे उसाचं शेत आणि शेताच्या पलीकडे आमचं टेकाड. त्यांना वाटतं तू सिंहाकडे पाठ करायला घाबरतेस. मला वाटतं तुला त्या कुशीवर बरं वाटत असेल. गरोदर बाईला एका कुशीवर बरं वाटतं.

मी त्यांना म्हटलं, "सिंह डोंगराकडे बघतो. तुमच्या घराकडे नाही. मोजून दाखवू?"

"मोज तू. तू मोजशील आणि बरोबरच येईल." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "त्या रात्री पोर माझ्या बाजूला होतं. योरिकोला ताप आलेला, म्हणून मीच म्हटलं, दे माझ्याकडे. सकाळी मी आधी जागी झाले. सिंहाने नेलं नसेल, तर मग कोणी नेलं, मास्तरीणबाई? तू शिकलेली आहेस. सांग."

बाळ त्यांच्या बाजूला होतं हे तुला माहीत आहे, मला माहीत नव्हतं. मी कॉलेजात चार वर्षं विज्ञान शिकले, तीस वर्षं शिकवलं.

त्या टॉवेल घेऊन उठायला लागल्या, तर उठता येईना. मी हात दिला. मग म्हटलं, "उद्यापासून तुम्ही येऊ नका. मी बांधते."

"तू? तुझा तर विश्वास नाही."

"गाठ मारायला विश्वास लागत नाही."

"घट्ट मारशील? वाऱ्याने सुटते."

"तीस वर्षं मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधल्यात."

त्या उतरताना म्हणाल्या, "टॉवेल नको वापरूस. खाज सुटेल त्याला." कोणाला, ते मी विचारलं नाही.

गेन्शूदादांना मी सांगितलं आहे की पंधराव्या रात्रीच्या आधी सिंहाच्या तोंडावरचं शेवाळ काढायचं आहे, त्यासाठी व्हिनेगरमध्ये भिजवलेलं कापड डोळ्यांपासून जबड्यापर्यंत बांधून ठेवावं लागतं, आणि हे काम सावकाश होतं. त्यांनी मान हलवली. विज्ञानाच्या बाईने सांगितलं म्हणजे खरं असणार. शेवाळ व्हिनेगरने खरंच सुटतं, तेव्हा हे पूर्ण खोटं नाही. कापड म्हणून मी दुपटंच घेतलं आहे. दुसरं त्या मापाचं मिळालं नाही.

आई


१० सप्टेंबर

योरिको,

बुधवारी सान्राकाकांचा शेळ्यांचा गोठा जळाला. एक शेळी आणि तिचं पिल्लू गेलं. बाकीच्यांना दोर कापून बाहेर काढलं. काकांच्या हाताला भाजलं आहे, पण बोटं हलतात.

आग कशी लागली हे सगळ्या गावाला माहीत आहे. ते डास घालवायची वडी पेटवून वाळल्या चाऱ्याजवळ ठेवतात, आणि त्यावरून त्यांची सून त्यांच्याशी दरवर्षी भांडते. त्या दिवशीही भांडली होती. वडीची पत्र्याची बशी राखेत सापडली. मी स्वतः ती काठीने वर काढून सगळ्यांना दाखवली. सगळ्यांनी पाहिली. मग सगळे टेकाडाकडे बघायला लागले.

बैठकीला इतकी माणसं आली की बायका ओट्यावर बसल्या. गेन्शूदादा आवाज न चढवता बोलले. "शेवाळ किती दिवसांत सुटतं, हात्सुए?"

एइशोने कापड सोडून आणलं होतं. त्यांनी ते सर्वांसमोर उलगडलं. व्हिनेगरने डाग पडले होते, पण कोपऱ्यातला लहान मासा तसाच होता, जो मी निळ्या दोऱ्याने भरला होता.

"हे फडकं नाही," सान्राकाकांची सून म्हणाली. "हे दुपटं आहे. लहान मुलाचं."

मग सगळ्यांना ते कळलं. आपल्या गावातल्या कोणाचं मूल अलीकडे गेलेलं नाही, आणि पुलापलीकडे कोणाचं गेलं तेही सर्वांना माहीत आहे. मागच्या बाजूची पोरं उठली. एइशो म्हणाला, "त्सुहांच्या घरी जाऊ. आत्ता जाऊ. म्हातारीला विचारू, आमचा गाव जाळायला निघालीस का म्हणून."

त्सुहांच्या घरी म्हणजे तुमच्या घरी. आठव्या महिन्याच्या पोटाची बाई दारात, आणि समोर दहा-बारा पोरं हातात बॅटऱ्या घेऊन. ते चित्र मला नको होतं.

मी उभी राहिले. "मी बांधलं. पहिल्या दिवसापासून मीच."

"टॉवेलही?" गेन्शूदादांनी विचारलं.

"टॉवेलही."

"का?"

"माझ्या मुलीसाठी."

"तू तर दगड म्हणतेस त्याला."

"दगडच आहे."

सान्राकाका पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून बसले होते. तेही रागाने बोलले नाहीत. "मग माझी शेळी कोणी खाल्ली, हात्सुए?"

मी वडीची बशी पुन्हा दाखवू शकले असते. दाखवली नाही.

निर्णय असा झाला. बायकांच्या मंडळाचं काम माझ्याकडून काढून घेतलं आहे. लाकडी सिंहाच्या खोलीची किल्लीही दिली. पंधराव्या रात्री सिंह गावातल्या प्रत्येक अंगणात जाऊन चार कोपऱ्यांत जबडा वाजवतो. आपल्या अंगणात या वर्षी येणार नाही. आणि सिंहाच्या डोळ्यांवर यापुढे काहीही बांधायचं नाही, कोणीही नाही, कशासाठीही नाही. मी सगळ्याला हो म्हटलं. गेन्शूदादांनी दुपटं माझ्याकडे दिलं. घडी न घालता दिलं, एवढंच.

बसायला मात्र मनाई केलेली नाही. टेकाड सार्वजनिक आहे. परवापासून मी सकाळी घरचं आवरून शेंगा सोलायला तिथे जाऊन बसते. सिंहाच्या अगदी समोर एक सपाट दगड आहे, तो मला सोयीचा पडतो. सावली नाही, म्हणून छत्री उघडून पाठीमागे टेकवून ठेवते. तुझ्या वडिलांची मोठी काळी छत्री आहे, ती. सूर्य कुठूनही आला तरी ती सिंह आणि माझ्या मधेच येते, त्याला माझा इलाज नाही. एइशो दोनदा येऊन पाहून गेला. काल सान्राकाकांच्या सुनेने येता-जाता विचारलं, "एकट्या बाईला इतक्या शेंगा कशाला, मावशी?" मी म्हटलं, वाळवून ठेवणार आहे.

तू आता रात्री उठत जाऊ नकोस. नाबेबाईंना पाणी आणायला सांग. त्या आणतील.

आई


२६ सप्टेंबर

योरिको,

मोरिकाझुंचा फोन आला. जावई म्हणून त्यांनी माझ्याशी बोललेलं पहिलं लांब वाक्य असं होतं: मुलगी आहे, महिनाभर लवकर आली, फार लहान आहे, तिला काचेच्या पेटीत ठेवलंय, योरिको ठीक आहे. मी विचारलं, कधी? २३ तारखेला पहाटे, म्हणाले.

२२ला वादळ होतं. सरकारी गाडी भोंगा वाजवत फिरली, दारं-खिडक्या लावून घ्या. मी सकाळी छत्री घेऊन निघाले होते. पुलाच्या वळणापर्यंत पोचेस्तोवर छत्री उलटी होऊन काड्या मोडल्या. मी परत आले. त्या दिवशी मी टेकाडावर बसले नाही. एवढंच लिहिते. त्याला काही अर्थ आहे असं मी म्हणत नाही, तूही म्हणू नकोस. लवकर जन्मणाऱ्या मुलांची बरीच कारणं असतात आणि त्यात वादळात हवेचा दाब उतरतो हेही एक सांगतात.

काल पंधरावी रात्र झाली. आकाश धुऊन निघालं होतं. मी अंगण झाडून घेतलं. सिंह येणार नव्हता, पण अंगण झाडायचं असतं. मग दिवा न लावता ओट्यावर बसले. ढोल आणि झांज शेजारच्या अंगणात वाजत होती. पोरं ओरडत होती, सिंहाने डोक्याला दात लावला की ती मुद्दाम ओरडतात. तूही ओरडायचीस. एकदा इतकी घाबरलीस की सिंहालाच चावलीस, आणि आत तुझे वडील होते.

मग सगळे आपल्या फाटकापाशी आले. पुढे गेन्शूदादा, मागे वाजवणारे. सिंह फाटकासमोर थांबला. डोकं एइशोच्या हातात होतं, मागचे पाय कोणाचे ते ओळखता आलं नाही. गेन्शूदादा म्हणाले, "चला, पुढे." मागचे पाय निघाले. डोकं निघालं नाही. क्षणभर सिंह मध्येच ताणला गेला, अंगावरच्या धाग्यांतून चांदणं दिसायला लागलं. आतून कोणीतरी म्हणालं, "अरे, सोड ना." जबडा एकदाच वाजला, नाचातला नव्हे, नुसताच. मग डोकंही गेलं.

मी आत येऊन झोपले. सकाळी फाटकाच्या कडीला सिंहाच्या केसांची एक बट बांधलेली होती. केळीचा धागा, तांबडा रंगवलेला. एइशोला गाठ मारता येत नाही, शाळेतही येत नव्हती. ती त्याचीच गाठ आहे.

लहान मुलांच्या उशाशी ती बट ठेवतात. मी ठेवत नाही, पण ठेवतात. मी ती जपून ठेवली आहे.

मी दवाखान्यात यावं की नाही ते मोरिकाझुंनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तू सांगशील तर येईन. बसची वेळ मी पाहून ठेवली आहे.

आई


१४ ऑक्टोबर

योरिको,

नाबेबाईंनी मासेवालीबरोबर निरोप पाठवला: पुलावर ये. काल सकाळी द्यायचं ते पिशवीत घालून गेले. त्या आपल्या टोकाला उभ्या होत्या, काठीवर दोन्ही हात ठेवून. मी माझ्या टोकाला. मध्ये ओढा. पुराने गढूळ झालेला अजून निवळला नाही.

"छत्री नाही आणलीस?" त्यांनी विचारलं.

"मोडली."

"ऐकलं. इरिमोत सगळ्यांनी पाहिलं तुला. म्हणतात, कुन्द्याची मास्तरीणबाई येडी झाली, सिंहाला पाठ दाखवून शेंगा सोलते." मग म्हणाल्या, "मी म्हटलं, पाठ दाखवत नाही, आड येते."

मी बाळाचं विचारलं. अजून पेटीतच आहे. नळीने दूध जातं. वजन वाढतं आणि पुन्हा उतरतं. डॉक्टर आजही काही सांगायला तयार नाहीत. नाव ठेवलेलं नाही. तू तिकडेच असतेस, दवाखान्याच्या खुर्चीवर, आणि काचेला हात लावून बसतेस. मी विचारलं, कुठल्या कुशीला झोपते आता योरिको? त्या म्हणाल्या, "झोपतेच कुठे."

"माझी पत्रं मिळाली का तिला?"

"मिळतात. वाचते. वाचून तांदळाच्या डब्यात ठेवते. तांदूळ काढताना रोज हाताला लागतात मला." मग म्हणाल्या, "सगळी मला वाचून दाखवली नाहीत. एक दाखवलं. तू आणि तुझी आजी सिंहाच्या मागे बसला होतात, ते."

मग त्यांनी पुलाच्या मध्यावर येऊन कमरेच्या कापडातून एक लाकडी पेटी काढली. ती पेटी मी ओळखली. मूल जन्मलं की दवाखान्यात देतात तीच, वाळलेली नाळ ठेवायची. झाकणावर काझुमाचं नाव आणि तारीख तुझ्या अक्षरात.

"ती म्हणाली, आईकडे दे. आणि सांग, सिंहाच्या पाठीमागे ठेव."

मी विचारलं, "आणखी काय म्हणाली?"

"आणखी काही नाही म्हणाली."

"ती येणार आहे का?"

"ते मला विचारू नकोस. मला विचारून ती काही करत नाही." काठी उचलून त्यांनी टेकाडाकडे दाखवलं. "तुझं घर त्याच्या मागेच पडतं ना? मी मोजलंय. मलाही थोडं मोजता येतं."

पडतं. सिंहाच्या पाठीपासून सरळ रेषा काढली तर ती आपल्या मागच्या खोलीतून जाते, जिथे तू लहानपणी झोपायचीस. हे माझ्या आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

दोन्हीकडचं काही राहू नये, कोणाचा गैरसमज होऊ नये, म्हणून दिलं-घेतलं ते खाली लिहून ठेवते. हेच पत्र तू पोच समज.

कुन्दा आणि इरिमो यांच्यामधल्या पुलावर, १३ ऑक्टोबर, सकाळी.

त्सुहा नाबे यांच्याकडे दिलं: केळीच्या धाग्याचं एक दुपटं, निळा मासा भरलेलं, धुतलेलं, इस्त्री केलेलं. व्हिनेगरचे डाग गेले नाहीत. सिंहाच्या केसांची एक बट, कागदात गुंडाळून, गाठ जशी होती तशीच. वाळवलेल्या शेंगांची एक पिशवी.

त्यांच्याकडून घेतलं: काझुमाच्या नाळेची लाकडी पेटी, एक. झाकण दोऱ्याने बांधलेलं आहे. ती मागच्या खोलीत, भिंतीला लागून ठेवली आहे. उघडलेली नाही.

हात्सुए